स्वेदज की अंडज? यान स्वामरडॅमचं आयुष्य आणि काम



आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे त्याचा चेहरा कुणालाच माहीत नाही. तुम्ही आत्ता फोनवर 'यान स्वामरडॅम' असं टाकलंत तर एक चित्र समोर येईल. टोकदार दाढी, पांढरी झालरीची कॉलर, चेहऱ्यावर विचारमग्न भाव. ते चित्र त्याचं नाही. रेम्ब्राँटने १६३२ साली डॉ. टुल्प यांच्या शवविच्छेदनाचं जे प्रसिद्ध चित्र काढलं, त्यात भोवती उभ्या असलेल्या बघ्यांपैकी एकाचं ते डोकं आहे. स्वामरडॅम जन्मला १६३७ मध्ये, म्हणजे चित्र वाळून पाच वर्षं झाल्यावर. कुणीतरी एकोणिसाव्या शतकात ते डोकं उचलून त्याच्या नावाखाली छापलं आणि तेव्हापासून ते तसंच चालू आहे. ज्या माणसाने आयुष्यभर 'ऐकलेलं सांगू नका, बघितलेलं सांगा' एवढाच आग्रह धरला, त्याच्याच वाट्याला हे यावं! असो.

काळ नीट लक्षात यावा म्हणून आपल्या इतिहासाशी जोडून सांगतो. स्वामरडॅम १७ फेब्रुवारी १६८० ला वारला, वय त्रेचाळीस. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांचं निधन झालं. त्याचं मुख्य पुस्तक आलं १६६९ ला. त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १६७० मध्ये, महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परतत असताना दाऊदखानाशी गाठ पडली, ती आपल्या या वणी-दिंडोरीच्या परिसरात. तेव्हा सुरतेत डचांची वखार होती, आणि तिथल्या डच कागदपत्रांवाचून आपल्या इतिहासकारांचं आजही भागत नाही. खाली वेंगुर्ल्यालाही डच वखार होती, १६३७ च्या सुमाराची, म्हणजे साधारण स्वामरडॅमच्याच वयाची. तेव्हा हा गृहस्थ वाटतो तितका दूरचा नाही.

त्याचा बाप अ‍ॅम्स्टरडॅमच्या बंदराजवळ औषधांचं दुकान चालवायचा. बापाला नाद होता वस्तू जमवण्याचा. पूर्वेकडून जहाजं आली की खलाशी शिंपले, प्रवाळ, वाळवलेले प्राणी, चिनी मातीची भांडी, नाणी असं काय काय विकायला आणत. हा ते घ्यायचा. घरच संग्रहालय झालं होतं. मुलाने ते पुसायचं, मांडायचं, लेबलं लावायची. त्यातून मुलाला स्वतःचा नाद लागला, आणि तो बापाच्या नादापेक्षा वाईट. त्याने किडे जमवायला सुरुवात केली. बापाची इच्छा होती की याने धर्मोपदेशक व्हावं. मुलाने वैद्यक मागितलं. १६६१ मध्ये तो लायडन विद्यापीठात दाखल झाला, तोपर्यंत चोवीस वर्षांचा झाला होता. त्याच्या आधीच, १६५८ साली, एकविसाव्या वर्षी त्याने बेडकाच्या रक्तात भिंगातून लंबगोल कण तरंगताना पाहिले होते. तांबड्या रक्तपेशींचं हे बहुधा पहिलं दर्शन. छापलं मात्र नाही. ही त्याची खोड पुढे पुष्कळदा दिसेल.

आता थोडं थांबून, तेव्हाचं जग काय समजत होतं ते बघू, म्हणजे त्याने काय मोडलं ते कळेल.

अ‍ॅरिस्टॉटलपासून युरोपात तीन समजुती पक्क्या होत्या. एक, कीटकांना आत अवयव नसतात. असलेच तर फार ओबडधोबड. दोन, पुष्कळसे कीटक चिखलातून, दवातून, कुजक्या मांसातून आपोआप उपजतात. तीन, अळीचं फुलपाखरू होतं म्हणजे एक प्राणी मरतो आणि त्या द्रव्यातून दुसराच उठतो. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे, इतका मोठा माणूस, तोही तिसरी समजूत धरून होता.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे 'चार खाणी' म्हणतात: जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज. ऐतरेय उपनिषदात या चारही आहेत. छांदोग्यात मात्र तीनच आहेत, तिथे स्वेदज नाही, हे गंमत म्हणून लक्षात ठेवा. मनुस्मृतीत स्वेदजांची यादीच दिली आहे: डास, उवा, माशा, ढेकूण. घामातून, उष्म्यातून जन्मणारे. आणि अळीच्या रूपांतराबद्दल आपल्याकडे कीटक-भृंग न्याय आहे. कुंभारीण माशी भिंतीवर मातीचं घर करते, त्यात अळी कोंडते; अळी भीतीने सारखं माशीचंच ध्यान करते आणि शेवटी स्वतः माशी होऊन बाहेर पडते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये हा कीटक आहे, म्हणून नाथांच्या भागवतामुळे तो मराठीत घरोघरी पोचला. ध्यानाचं माहात्म्य सांगणारा दृष्टांत म्हणून तो सुंदर आहे, दृष्टांत म्हणून मी तो आजही वापरीन. पण घडतं ते असं: माशी अळीला डंख मारून लुळी करते, शेजारी आपलं अंडं घालते, आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या अळीला जिवंतपणी खाऊन मोठं होतं. बाहेर येते ती माशीची मुलगी. अळी कुठेच जात नाही. ती संपलेली असते. मातीचं घर वेळेआधी फोडून आत बघितलं असतं तर हे कळलं असतं. घर घराघरात होतं. फोडायचं काम कुणीतरी करावं लागतं.

स्वामरडॅमने ते काम केलं.

लायडनहून तो काही काळ फ्रान्समध्ये गेला. तिथे त्याला आयुष्यभराचा पाठीराखा भेटला, मेलशिसेदेक तेव्हनो. हा तेव्हनो म्हणजे आजचे गवंडी भिंत समतल आहे का ते बघायला जी बुडबुड्याची लेव्हल लावतात, तिचा जनक. स्वतः श्रीमंत, हौशी, पॅरिसमधल्या विद्वानांना घरी जमवणारा. त्याचा पुतण्या जाँ द तेव्हनो १६६६ मध्ये सुरतेला उतरला, औरंगाबाद आणि वेरूळ बघून गोवळकोंड्याला गेला. वेरूळच्या लेण्यांचं वर्णन करणाऱ्या सुरुवातीच्या युरोपियनांपैकी तो एक, आणि शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या पहिल्या स्वारीची हकिकतही त्याच्या प्रवासवर्णनात आहे. म्हणजे एकाच घरातला एक माणूस वेरूळ बघत होता आणि दुसरा एका डच तरुणाला 'तू किडे कापणं सोडू नकोस' असं सांगत होता.

किड्यांकडे वळण्याआधी एका बेडकाबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण तो माझ्या विषयाचा बेडूक आहे.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. देकार्त आला की मन आणि शरीर यांचं द्वैत आलं. मन अवकाशात नाही, शरीर अवकाशात आहे, मग माझ्या इच्छेने माझा हात कसा हलतो? देकार्तचं उत्तर असं की मेंदूतून एक अतिसूक्ष्म, वायूसारखा रस नसांच्या पोकळीतून स्नायूत जातो, स्नायू फुग्यासारखा फुगतो आणि आखडतो. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसं. ही कल्पना देकार्तच्या आधीपासूनची, पण त्याने तिला यंत्राचं रूप दिलं. आम्ही वर्गात या द्वैतावरचे सगळे आक्षेप शिकवायचो. राजकन्या एलिझाबेथने देकार्तला पत्रातून काय विचारलं, ते शिकवायचो. बेडकाची तंगडी मात्र अभ्यासक्रमात नव्हती.

स्वामरडॅमने काय केलं? बेडकाच्या मांडीचा स्नायू नसेसकट काढून घेतला. शरीरापासून वेगळा, मेंदूशी संबंध तोडलेला. आणि नस नुसती चिमटली. स्नायू आखडला. झालं, अर्धा वाद इथेच संपला. मेंदूतून काही वाहत येत असेल तर इथे ते येणार कुठून? पण एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने स्नायू एका बंद काचेच्या नळीत ठेवला. नळीचं वरचं टोक केसासारखं बारीक, आणि त्यात पाण्याचा एक थेंब. आता स्नायूत काहीही शिरून तो फुगला तर आतली हवा दाबली जाणार आणि थेंब वर सरकणार. तारेने नस ओढली. स्नायू आखडला. थेंब वर गेला नाही. उलट क्वचित जरासा खालीच आल्यासारखा दिसला.

स्नायू आखडताना जाड दिसतो, पण तेवढाच आखूड होतो. आकारमान वाढत नाही. आत काही भरलं जात नाही. दोन हजार वर्षांच्या एका कल्पनेचा निकाल पाण्याच्या एका थेंबाने लागला. माझ्या मते तत्त्वज्ञानाच्या इतिहासात या थेंबाला जागा हवी. मनाचा प्रश्न त्याने सुटला नाही, पण मन शरीराला 'फुंकर घालून' हलवतं हे उत्तर कायमचं बाद झालं. त्याने हा प्रयोग लायडनमधल्या मित्रांना करून दाखवला होता. नील्स स्टेनसेन, जो पुढे भूगर्भशास्त्रासाठी गाजला, तो त्यातलाच. पण छापून? छापून आलं १७३८ ला.

१६६७ मध्ये श्वसनावर प्रबंध लिहून तो डॉक्टर झाला. एक दिवससुद्धा धड दवाखाना चालवला नाही. आता किडेच.

त्याची हत्यारं ऐकून घ्या. भिंग एकच, छोटं, पण उत्तम. खाली दोन हात असलेलं धातूचं स्टँड, एका हातावर किडा, दुसऱ्यावर भिंग. कात्र्या आणि सुऱ्या इतक्या बारीक की त्यांना धार लावायची तर तीही भिंगाखाली. काचेच्या केशनळ्या ओढून घ्यायचा, त्यांतून किड्याच्या आतड्यात हवा फुंकायचा किंवा रंगीत द्रव सोडायचा, म्हणजे नळ्या फुगून दिसतात. किड्यांच्या अंगात चरबी फार असते, तिच्यात सगळे अवयव लपतात. ती टर्पेंटाइनमध्ये विरघळवून काढायची, ही युक्ती त्याचीच. बोअरहाव्ह नावाच्या मोठ्या डॉक्टरने पुढे त्याचं चरित्र लिहिलं, त्यात म्हटलं आहे की उन्हाळ्यात तो सकाळी सहापासून दुपारपर्यंत उघड्यावर बसे, डोक्याला काही न घालता, म्हणजे टोपीची सावली पडायला नको. घाम गळत असे. दुपारनंतर डोळे चालेनासे होत. रात्री लिहायचं आणि चित्रं काढायची.

अळीचं प्रकरण आता नीट बघू. कोषात जायच्या बेताला आलेली अळी घ्यायची, ती गरम पाण्यात बुडवायची, मग तिची कातडी अलगद सोलायची, मोजा काढावा तशी. आत काय असतं? घडी घातलेले पंख, गुंडाळलेली सोंड, लांब पाय, शिंगं. सगळं मऊ, ओलं, पण ओळखू येणारं. म्हणजे अळी मरून फुलपाखरू होत नाही. अळीच्या कातडीखाली ते आधीच वाढत असतं. अळी, कोष आणि फुलपाखरू या एकाच प्राण्याच्या तीन अवस्था आहेत, कळीचं फूल होतं तशा.

टस्कनीचा राजपुत्र कोझिमो मेडिची १६६८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला आला होता. तेव्हनो त्याला घेऊन स्वामरडॅमकडे गेला आणि स्वामरडॅमने हे सोलणं त्याच्यासमोर करून दाखवलं. बोअरहाव्ह सांगतो की राजपुत्राने संग्रहासाठी बारा हजार फ्लोरिन देऊ केले, अट एवढीच की संग्रहाबरोबर मालकानेही फ्लोरेन्सला यावं. याने नकार दिला. दरबार त्याला मानवणारा नव्हता. फ्रांचेस्को रेदीने मांसावर माशी बसू दिली नाही तर अळ्या पडत नाहीत, हे त्याच वर्षी प्रसिद्ध केलं, ते त्याच मेडिचींच्या दरबारात. दोघं एकत्र आले असते तर काय झालं असतं, असा विचार मनात येतो खरा.

पुढल्या वर्षी पुस्तक आलं, डच भाषेत, लॅटिनमध्ये नव्हे. हेही लक्षात घ्या. त्यात त्याने कीटकांचे चार गट पाडले, आणि ते दिसण्यावरून नाही, वाढण्याच्या रीतीवरून. काही अंड्यातून निघतात तेच मोठ्याची छोटी प्रतिकृती असतात. काहींना हळूहळू पंख फुटतात, चतुरासारखे, टोळासारखे. काही कोषात जातात आणि कोषावर पाय-पंखांच्या खुणा दिसतात, फुलपाखरं, भुंगे, मधमाश्या. आणि काही, माशीसारखे, स्वतःच्या जुन्या कातडीतच कोष करतात. उवा आणि कोळी पहिल्या गटात.

ऊ. स्वेदज! उवेच्या पोटात त्याने अंडाशय शोधला, अंडी शोधली, आतडं, श्वसननलिका, मज्जारज्जूच्या गाठी, सगळं चित्रांसकट दाखवलं. १६७८ मध्ये तेव्हनोला पाठवलेल्या पत्रात त्याने म्हटलं की मी तुम्हाला उवेच्या शरीररचनेत ईश्वराचं बोट दाखवतो आहे. या वाक्याकडे मी परत येईन.

मधमाश्यांवर त्याने १६७३ च्या सुमाराला अक्षरशः स्वतःला झिजवलं. पोळ्यातली जी एक मोठी माशी, तिला लोक 'राजा' म्हणत. चार्ल्स बटलर नावाच्या इंग्रज पाद्र्याने १६०९ मध्येच ती राणी आहे असं म्हटलं होतं, पण म्हटलं होतं. स्वामरडॅमने तिचं पोट उघडून अंडाशय दाखवले. त्यात अंड्यांच्या नळ्या एकमेकींना चिकटून जुड्यांसारख्या. राजा बाई निघाला. आणि ज्यांना आळशी, बिनकामाच्या म्हणून लोक हिणवत ते मोठ्या डोळ्यांचे नर निघाले. त्याने काढलेलं राणीच्या अंडाशयाचं चित्र आजही पाठ्यपुस्तकात चालेल. सगळं मात्र बरोबर नव्हतं. नर आणि राणीचा संग त्याला कधीच दिसला नाही, कारण तो हवेत उंचावर होतो. तेव्हा त्याने अंदाज केला की नराच्या नुसत्या वासानेच राणीला गर्भ राहत असावा. डोळ्यांना दिसलं नाही तिथे त्यानेही कल्पना लावली. कुणाचं सुटलं आहे?

त्याची मोठी चूक वेगळीच आहे, आणि तीच त्याच्या मोठ्या शोधातून निघाली. अळीत फुलपाखरू आधीच असतं, हे खरं. मग अंड्यात अळी आधीच असणार. मग त्या अंड्याच्या आईत ते अंडं, तिच्या आईत... असं मागे मागे जात तो आदम-ईव्हपर्यंत पोचला. सगळी मानवजात पहिल्या जोडप्यात आधीच होती. म्हणजे नवीन काहीच जन्मत नाही, आधीचं उलगडतं. मालब्रांश नावाच्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने हे उचललं आणि पुढची शंभर वर्षं ते जीवशास्त्राच्या मानगुटीवर बसलं.

आपल्या इथे सांख्यांचा सत्कार्यवाद आठवेल: कार्य कारणात आधीच असतं, तिळात तेल असतं म्हणूनच निघतं. आणि नैयायिक म्हणतात, नाही, घट मातीत आधी नव्हता, तो नव्याने उत्पन्न होतो. हा वाद जुना आणि खोल आहे. माझं म्हणणं एवढंच, की कोषातल्या पंखांपुरता स्वामरडॅम सांख्य होता तोवर बरोबर होता, कारण पंख दिसत होते. न दिसणाऱ्या अंड्यातल्या अंड्याबद्दल बोलायला लागला तेव्हा तो फक्त सांख्य उरला. याचा अर्थ 'आपल्या ऋषींना हे सगळं आधीच ठाऊक होतं' असा कृपा करून काढू नका. सांख्यांनी अळी सोलली नव्हती.

इकडे घरी काय चाललं होतं? बापाचा धीर सुटला होता. डॉक्टर झालेला मुलगा, तिशी उलटलेली, कमाई शून्य, आणि खर्च किड्यांवर. बापाने पैसे बंद करण्याची धमकी दिली, मग कामाला लावलं की निदान माझ्या संग्रहाची यादी तरी कर. त्याला वरचेवर हुडहुडी भरून ताप यायचा. इतिहासकार म्हणतात तो हिवताप होता, तेव्हा हॉलंडच्या दलदलीत तो भरपूर होता. डासाचं शरीर त्याने उत्तम उलगडून दाखवलं आहे. हिवतापाचा आणि डासाचा संबंध सिद्ध व्हायला रोनाल्ड रॉसपर्यंत, १८९७ पर्यंत थांबावं लागलं.

अशा अवस्थेत १६७३ मध्ये त्याने अँत्वानेत बुरिन्याँ या बाईंना पत्र लिहिलं. या बाई साक्षात्कारी म्हणून ओळखल्या जात. जगाचा मोह सोडा, विद्येचाही सोडा, असा त्यांचा उपदेश. स्वामरडॅमचा जीव दोन ठिकाणी ओढला जात होता. एकीकडे त्याची खात्री की किड्याच्या पोटात जी रचना आहे ती ईश्वराचंच लेखन आहे, ते वाचणं म्हणजे उपासना. दुसरीकडे भीती की मी ईश्वराला शोधतोय की स्वतःचं नाव? शोध पहिला कुणाचा यावरून राइनिएर द ग्राफ या जुन्या मित्राशी त्याचं कडवट भांडण झालं होतं, आणि द ग्राफ त्याच वर्षी वारला. अशा माणसाला 'तुझी विद्या हा अहंकार आहे' असं कुणी सांगितलं तर ते वर्मी लागणारच.

१६७५ मध्ये त्याने एकदिवसी माशीवर पुस्तक छापलं, बाईंची परवानगी घेऊन. या माशीची अळी नदीकाठच्या चिखलात तीन वर्षं काढते, मग उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी वर येते, कात टाकते, उडते, अंडी घालते आणि काही तासांत मरते. प्रौढपणी ती काही खातसुद्धा नाही. त्याने तिच्यात माणसाच्या आयुष्याचं रूप पाहिलं आणि शरीररचनेच्या पानांमध्ये प्रार्थना आणि विलाप घातले. पुष्कळ शास्त्रज्ञांना ती पानं अडचणीची वाटतात. मला नाही वाटत. तो खोटं बोलत नव्हता, आणि माशीच्या कल्ल्यांचं वर्णन त्याने विलापामुळे एका रेघेनेही बिघडवलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला सलते. रेशमाच्या किड्यावर त्याने लिहिलेला मजकूर त्याने या काळात फाडून टाकला. चित्रं इटलीत मालपीगीकडे पाठवली, कारण मालपीगीने त्याच विषयावर काम केलं होतं. सोबत निरोप साधारण असा, की मी आता या गोष्टींपेक्षा ईश्वराच्या शोधात आहे. मग तो बाईंकडे श्लेस्विगला गेला, त्यांच्या कामासाठी कोपनहेगनची खेप केली, ती फुकट गेली. १६७६ च्या जूनमध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला परतला. आणि पुन्हा भिंगाशी बसला! माझ्या दृष्टीने त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची घटना ही आहे. सोडलं होतं, आणि परत आला. उवेबद्दलचं ते पत्र या परतीनंतरचं आहे. म्हणजे 'ईश्वराचं बोट' हे भाबड्या तरुणाचं वाक्य नाही; विद्या टाकून बघितलेल्या आणि पुन्हा उचललेल्या माणसाचं ते वाक्य आहे.

बाप १६७८ मध्ये गेला. मग वाटणीवरून बहिणीशी तंटा. ते आपल्याला समजावून सांगायला नको.

मृत्युपत्रात त्याने हस्तलिखितं तेव्हनोला ठेवली. ती एका अनुवादकाकडे होती, तो देईना. तेव्हनोला ती मिळवायला झगडावं लागलं. तेव्हनोकडूनही छापली गेली नाहीत. पुढे ती एका चित्रकाराकडे, मग शरीररचनाशास्त्रज्ञ द्युव्हर्नेकडे गेली. १७२७ मध्ये बोअरहाव्हने पंधराशे गिल्डर मोजून ती विकत घेतली आणि १७३७-३८ मध्ये 'निसर्गाचं बायबल' या नावाने दोन मोठ्या खंडांत, डच आणि लॅटिन शेजारी शेजारी, लायडनहून छापली. मरणानंतर सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांनी. त्या सालच्या सप्टेंबरात बोअरहाव्ह स्वतःही वारला. थोडक्यात वाचलं.

त्याचा वारसा कुठे बघायचा? दूर जाऊ नका. इथले बहुतेक जण द्राक्षवाले आहेत. कृषी खात्याच्या कुठल्याही पत्रकात किडीखाली लिहिलेलं असतं: अंडी, अळी, कोष, प्रौढ. ही चौकट त्याची आहे. खोडकिड्याचा भुंगा बाहेर फिरतो, पण नुकसान करते ती खोडातली अळी. भुंगा आणि अळी एकच प्राणी आहे हे माहीत नसेल तर तुम्ही भुंग्याला औषध माराल आणि खोड पोकळ होत राहील. उलट पिठ्या ढेकूण अळी-कोषाच्या वाटेने जात नाही. त्याची पिल्लं पहिल्या दिवसापासून वेलीचा रस ओढतात, म्हणून फवारणीची वेळ वेगळी. वाढण्याच्या रीतीवरून गट पाडण्याचा तो १६६९ चा हिशोब तुमच्या बागेत अजून चालू आहे.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेतो.

पहिली: 'आपल्याकडे असा माणूस का झाला नाही?' बघणारे होते. स्वामरडॅम बाईंच्या नादी लागला त्याच १६७५ च्या एप्रिलमध्ये कोचीनला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांनी डच गव्हर्नर फान रेडसाठी मलबारच्या वनस्पती ओळखून, त्यांचे गुण सांगून, तसं लेखी दिलं. कोंकणीत, नागरी लिपीत. ते अ‍ॅम्स्टरडॅमला छापलेल्या 'होर्तुस मलबारिकुस'च्या पहिल्या खंडात, १६७८ ला, जसंच्या तसं आलं. पुढे बारा खंड झाले. तेव्हा निरीक्षण नव्हतं असं म्हणता येत नाही. छापखाना आपला नव्हता, भिंगं घासणारे कारागीर आणि ती वापरणारे पंडित एका गल्लीत नव्हते. मातीचं घर फोडून बघण्यापेक्षा आम्हाला दृष्टांत पुरेसा वाटला, हेही आहे. पण छापखाना दाराशी असूनही स्वामरडॅमची हस्तलिखितं अर्धं शतक धूळ खात पडलीच होती. तेव्हा नशिबाचाही वाटा धरा.

दुसरी: 'उवेत देव बघणारा माणूस वैज्ञानिक कसा?' मॅक्स वेबरने १९१७ च्या एका व्याख्यानात हाच स्वामरडॅम पुढे केला होता, आणि विचारलं होतं की आज विज्ञानाकडून अशी अपेक्षा कोण करतो. प्रश्न चांगला आहे. पण मला वाटतं, त्याचा देव त्याला घाई करू देत नव्हता. उवेत ईश्वराचं लेखन आहे असं मानणारा माणूस एक अक्षरही गाळू शकत नाही. त्याची चित्रं टिकली ती त्यामुळे. तुम्हाला हे पटलं नाही तरी चालेल, चित्रं बघा आणि ठरवा. ते सबंध पुस्तक आता इंटरनेटवर फुकट आहे.

तिसरी चिठ्ठी एका शिक्षकांची दिसते: 'सूक्ष्मदर्शक नसताना मुलांना काय दाखवता येईल?' पुष्कळ. लिंबाच्या नाहीतर कढीपत्त्याच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी शोधा. ती पुढे हिरवी होते. पानांसकट काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला फडकं बांधा, रोज ताजी पानं द्या, तळाशी ओलावा साचू देऊ नका. एक उभी काडी आत ठेवा, ती काडीला धाग्याने स्वतःला बांधून घेईल आणि कोष होईल. मुलांना रोज तारीख घालून चित्र काढायला सांगा. सोलायची गरज नाही. फुलपाखरू बाहेर पडायच्या आदल्या दिवशी कोष काळपट, पारदर्शक होतो, आणि आत घडी घातलेले पिवळे-काळे पंख नुसत्या डोळ्यांनी दिसतात.